एका हातानं खेळता येईल असा

"आधी जमीन सांगा," असं म्हणून अण्णा चष्मा कपाळावर ढकलायचे.

निपाणीच्या बाजारात त्यांचं बी-बियाणाचं आणि खतांचं दुकान होतं. शेतकरी आत येऊन एखाद्या वाणाचं नाव घ्यायचा, शेजाऱ्यानं लावलंय, झकास आलंय, द्या दोन पाकिटं. अण्णा पाकीट हातात घ्यायचे, पण द्यायचे नाहीत. जमीन काळी का तांबडी, पाणी विहिरीचं का कालव्याचं, मागच्या साली काय घेतलं होतं. गिऱ्हाईक वैतागायचं. मग अण्णा त्याच्याहून जास्त वैतागायचे. मराठीत चिडून भागलं नाही की ते कन्नडात जायचे. बियाणं कंपनीचा एक टाय लावलेला माणूस एकदा फार बोलायला लागला, तर त्याला त्यांनी "सुम्न कूड" म्हणजे गप्प बस म्हणून सांगितलं आणि पुढं चहाही पाजला. तुमच्याही ओळखीत असा एखादा दुकानदार असेल, ज्याच्याकडे जाताना आधी मनाची तयारी करावी लागते.

त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका टॅक्स सल्लागाराचं ऑफिस आहे. तिथं मी कॉम्प्युटरवर बसते. जिना अण्णांच्या दुकानाला लागूनच. एका दुपारी, बाजार सुस्तावलेला असताना, मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकले. आतून एक सूर येत होता. लहानपणी मामेभावाच्या घरी टीव्हीसमोर मांडी घालून मी ज्या खेळात उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवल्या, त्यातल्या धर्मशाळेत रात्री मुक्काम केला की वाजणारा सूर. मी आत डोकावले. खताच्या गोण्यांमागे खुर्ची टाकून, साठीकडे झुकलेला तो माणूस हातातल्या छोट्या कन्सोलवर मान वाकवून बसला होता.

मी त्या खेळाचं नाव घेतलं. अण्णांनी वर न बघता विचारलं, "कुठवर गेलतीस?"

मी सांगितलं, बर्फातल्या देवळापर्यंत. पुढं मामेभावानं कन्सोल विकला.

"विकला?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की मला मामेभावाची काळजी वाटायला लागली.

ज्यांना हे खेळ माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुने जपानी खेळ असतात हे, दोन-तीन दशकांपूर्वीचे. चार-सहा माणसं काहीतरी कारणानं एकत्र येतात आणि एक मोठा मुलूख पायी तुडवतात. गावोगावी बोलतात, भांडतात, राक्षसांशी लढतात. लढाई पाळीपाळीनं होते, आधी तुमचा वार, मग त्याचा. एक खेळ संपायला महिने लागतात, कादंबरी वाचावी तसे. नावं मी इथं मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं की तुम्ही शोधायला जाल, आणि तुमचं काय चाललंय हे मला माहीत नाही. असं न विचारता सुचवलेलं अण्णांना मुळीच चाललं नसतं.

अण्णांना हे वेड लागलं ते चाळिशीत. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं, बरेच महिने अंथरुणात गेले. मेव्हण्यानं दुबईहून टीव्हीला जोडायचा कन्सोल आणून दिला, सोबत दोन खेळ. एक गाड्यांच्या शर्यतीचा होता. पाय वर टांगलेल्या माणसाला शर्यत कशाला, म्हणून तो त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला टाकला. दुसरा उघडला आणि तिथून ते बाहेर आलेच नाहीत. त्यांचं घर जैन, कांदा-लसूणही शिजत नसे आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत. मी एकदा छेडलं, अण्णा, इतके राक्षस मारता, ते कसं चालतं? ते गंभीरपणे म्हणाले, "मरत न्हाईत ते. बेशुद्ध पडत्यात."

आमच्या भागातल्या या खेळांच्या वेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. निपाणी, चिकोडी, कागल, कोल्हापूर, बेळगाव, असे कुठले कुठले लोक. बहुतेक सगळे पंचविशी-तिशीतले. अण्णांना मीच त्यात घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात ग्रुपची झोप उडाली. कुणीतरी विचारायचं, आता पुढं काय खेळू? लगेच धडाधड याद्या पडायच्या, सर्वोत्तम दहा, सर्वोत्तम पंचवीस. अण्णा लिहायचे, "ही काय निवडणूक आहे का?" मग विचारणाऱ्याला थेट फोन करायचे. घरी कोण असतं, नोकरी कसली, शेवटचं कधी हसलास. एका बँकेतल्या माणसानं सांगितलं, वेळ जायला काहीतरी हवं. अण्णा म्हणाले, वेळ आपोआप जातोय की, त्याला खेळ कशाला लागतोय, आणि फोन ठेवून दिला. ज्याला नवीन बाळ झालं होतं त्याला त्यांनी पाच-पाच मिनिटांत थांबवता येणारा खेळ सांगितला. वडिलांशी बोलणं तुटलेल्या एकाला कुठला सांगितला मला माहीत नाही, पण तो माणूस नंतर दुकानात येऊन कारण नसताना टोमॅटोचं बी घेऊन गेला.

ते नेहमी बरोबर असत असं नाही. नव्या खेळांबद्दल ते सरळसरळ अन्याय करायचे, न खेळताच नावं ठेवायचे. आणि एकदा तर माझ्याच बाबतीत ते सपशेल चुकले. तेही सांगते.

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. कशानं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. दिवसाआड बेळगावला डायलिसिस सुरू झालं. पहाटेची बस, संकेश्वर, हत्तरगी, मग दवाखाना, मग चार तास मशीनला बांधलेली मी आणि शेजारच्या स्टुलावर आई.

त्या दिवसांत मी कुणाकुणावर चिडले नाही ते विचारा. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवायचा. नारळपाणी पी, जे पोटॅशियममुळं मला विषासारखं होतं. अमुक गावच्या वैद्याचा काढा घे. सकारात्मक राहा, हे तर सगळ्यांत जास्त. लग्नाआधी झालं ते एका अर्थी बरंच झालं, असंही एक बाई म्हणाल्या. मला कुणी काही विचारत नव्हतं. सगळे नुसते सांगत होते.

अण्णांना मी जिन्यातच सांगितलं. ते हळहळले नाहीत. चष्मा वर गेला. म्हणाले, "सुई कुठल्या हातात घालत्यात?"

मी म्हटलं, डाव्या.

"हलवायचा न्हाय तो?"

अजिबात नाही.

"मग उजवा मोकळा हाय," ते म्हणाले, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला कन्सोल आणि एक खेळ माझ्या हातात ठेवला. एका हातानं खेळता येतो म्हणाले. आला, पहिले काही तास. मग एका बोगद्यात अशी जागा लागली की दोन बाजूंची दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय दार उघडेना. मशीनवर पडल्या पडल्या माझा जो तोल गेला, त्यात इतक्या महिन्यांचा राग होता. मी तिथूनच अण्णांना फोन लावला आणि नर्स धावत येईपर्यंत बोलत राहिले. न तपासता कशाला देता, तुम्ही पण सगळ्यांसारखेच, असं बरंच काही. मग फोन ठेवून दिला.

त्यांच्या पुतण्यानं पुढचं मला नंतर सांगितलं. अण्णांनी आठवडाभर डावा हात कमरेच्या पट्ट्यात खोचून ठेवला. पाकिटं द्यायची ती उजव्यानं, चहा उजव्यानं, आणि दुपारी गोण्यांमागे बसून उजव्याच अंगठ्यानं एकेक खेळ तपासायचा. गिऱ्हाइकांना वाटलं म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं. दोन-चार जण घरी विचारपूस करायला गेले, त्यांच्यावरही अण्णा ओरडले.

मग त्यांनी मला तो खेळ दिला. समुद्र आटत चाललेल्या एका देशातली सात माणसं, आणि त्यांना किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेकडे जायचंय, एवढंच सांगते. "लढाई चालू असताना नर्स आली तरी काय बिघडत न्हाय," अण्णा म्हणाले. "तू पाळी घेईपर्यंत समोरचा उभा ऱ्हातोय. दिवसभर उभा ऱ्हाईल."

माझ्या आयुष्यात तेव्हा माझ्यासाठी थांबणारं दुसरं काहीही नव्हतं.

त्या सात जणांत एक वैदू बाई होती, सगळ्यांच्या जखमा बांधणारी, आणि तोंडानं अत्यंत फटकळ. मला ती आवडली. आईला तर फारच. आई आधी माळ ओढत बसायची, मग चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघायला लागली. इंग्रजी तिला येत नाही, मी वाचून सांगायचे. थोड्याच दिवसांत बस संकेश्वरला पोचायच्या आत ती विचारायची, परवा ती चिडकी कुठं राहिली होती गं? शेजारच्या खाटेवरचे नंदगडचे एक गृहस्थसुद्धा चौकशी करायला लागले.

असे कित्येक महिने गेले. मग आईची किडनी जुळते असं निघालं आणि ऑपरेशन ठरलं. खेळाचा शेवटचा भाग तेवढा बाकी होता. मी ठरवलं, तो आता खेळायचा नाही. ऑपरेशन झालं, घरी आले, की आईला शेजारी बसवून खेळायचा. हे मी ग्रुपवर लिहिलं. का लिहिलं कोण जाणे. आनंदाचं सांगण्यासारखं फार काही नव्हतं माझ्याकडे.

ग्रुपमध्ये कोगनोळीचा एक जण होता. हायवेला त्याचं मोबाइलच्या सामानाचं दुकान होतं, आणि खेळांवर बोलायचा व्हिडिओ चॅनेल. त्यानं लिहिलं, एवढी वाट कशाला बघतेस, वाचव तुझा वेळ. आणि खाली तीन ओळींत शेवट लिहून टाकला. कोण राहतं, कोण जातं, सगळं. पुढं हसणारे चेहरे. त्याखाली आणखी चौघांचे हसणारे चेहरे.

मी मशीनवर होते. वाचून झाल्यावरच मला कळलं की मी वाचलंय. त्या तीन ओळी मी इथंही लिहिणार नाही.

फोन वाजला. अण्णा होते.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मी बेळगावातच हाय, माल न्यायला आलोय. तुझं मशीन कवा सुटतंय?"

ते पिकअप घेऊन आले. मागं बियाणाची खोकी, पुढं अण्णा, मी आणि मध्ये आई. आईला मी एवढंच सांगितलं की एकानं शेवट फोडला. आईनं दोन्ही हात कानांवर ठेवले आणि म्हणाली, मला सांगू नका. निपाणी आली, अण्णांनी गाडी थांबवली नाही. मीही थांबवा म्हटलं नाही. आईही नाही.

कोगनोळीत त्याचं दुकान सापडलं. आई गाडीतच बसली. तो आम्हाला बघून आधी खूश झाला, खुर्च्या पुढं केल्या. मला वाटलं होतं अण्णा आता दुकान डोक्यावर घेतील. पण त्यांचा आवाज कधी नव्हता इतका खाली आला होता. असं का लिहिलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, अहो अण्णा, गेम आहे. इतकी वर्षं झाली त्याला, जगाला माहीत आहे शेवट. मग त्याची नजर माझ्या दंडाच्या पट्टीवर गेली आणि तो ओशाळला. म्हणाला, ताई आजारी आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं. माहीत असतं तर नसतं लिहिलं.

"इचारायचं होतंस," अण्णा म्हणाले.

आणि तिथं माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एक वाक्य आठवतं, कारण ते बोलताना माझा मलाच आवाज परका वाटला होता. मी म्हटलं, "मी धडधाकट असते तरी ते माझंच होतं. आजारी आहे म्हणून तुझी दया नकोय मला. माझं होतं, आणि तू उचललंस."

तो सॉरी म्हणाला. खरं सांगायचं तर मनापासून म्हणाला असेल. मला त्यानं काहीही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. लोक म्हणतात, सोडून द्यावं. का?

आम्ही परत निघालो. निपाणीचा फाटा आला तसं मी कन्सोल पिशवीतून काढून डॅशबोर्डवर ठेवला आणि अण्णांना म्हटलं, घेऊन जा, मला नको आता.

समजूत घालणारे शंभर शब्द मला तोंडपाठ होते. प्रवास महत्त्वाचा, शेवट नव्हे, वगैरे. अण्णा त्यातलं एक बोलले असते तर मी चालत्या गाडीतून उतरले असते. ते म्हणाले, "लई वाईट झालं." गाडी गावाकडं वळवली. मग विचारलं, "आईला ठावं न्हाय न्हवं?"

नाही, मी म्हटलं.

"मग आता हा खेळ तिचा. तू नुस्ता हात."

आईनं डॅशबोर्डवरचा कन्सोल उचलला आणि आपल्या पिशवीत ठेवला.

ग्रुपवर त्या संध्याकाळी अण्णांनी एकच ओळ लिहिली आणि ते बाहेर पडले. ओळ कन्नडात होती, तिचं मराठी मी करत नाही. त्यांच्यामागून मी बाहेर पडले. लोकांनी मग त्यांना म्हातारा, खुळा, विक्षिप्त काय काय म्हटलं. पण पुढं काय खेळू हे विचारायला त्यातले निम्मे गुपचूप त्यांनाच फोन करत होते, आणि अण्णा त्यांना शिव्या देऊन सांगतही होते.

ऑपरेशनच्या आधी ते दवाखान्यात आले. आत सोडेनात, म्हणून वॉचमनशी भांडले आणि खालूनच फोन केला. "तुझ्या आई काय म्हणत्यात बघून मला सांगायचं," ते म्हणाले. "शेवट बघितल्यावर. शब्द न् शब्द सांगायचा. मी कुणाच्या आईला आजवर सुचवलेला न्हाय."

ऑपरेशन झालं. नंतरचे महिने घरात कोंडून काढायचे होते, तोंडाला मास्क, कुणाला भेटायचं नाही, गर्दीत जायचं नाही. आईच्या पोटाला टाके, माझ्या पोटाला टाके. दोघींना नीट बसता येईना, तेव्हा खेळ तसाच राहिला. अण्णांचा दुपारी फोन यायचा. बघितला काय? नाही अजून. घाई न्हाय, ते म्हणायचे, आणि त्यांच्या आवाजात नुसती घाई असायची.

एका सकाळी फोन आला तो त्यांच्या पुतण्याचा. पूजेला उठले होते, देवघरातच छातीत कळ आली, कोल्हापूरला नेईपर्यंत संपलं.

मला जाता आलं नाही. डॉक्टरांनी साफ मनाई केली. त्यांच्या घरापासून माझं घर चालत जाण्याएवढं, आणि मी खिडकीत उभी. त्या दिवशी मी डॉक्टरांवर चिडले, गोळ्यांवर चिडले, आणि सगळ्यांत जास्त अण्णांवर. एवढी घाई होती तर दोन महिने थांबायचं होतं.

तेराव्याच्या आसपास कुणीतरी मला एक व्हिडिओ पाठवला. कोगनोळीच्या त्या माणसानं केलेला. अण्णांचा फोटो, त्याला हार, मागं बासरी, आणि शीर्षक, 'अण्णांनी सुचवलेले सर्वोत्तम दहा खेळ'. ओळीनं, क्रमांक टाकून. खाली लोकांनी लिहिलं होतं, किती शांत स्वभावाचे होते. शांत! मी फोन भिंतीवर मारणार होते. आईनं हातातून काढून घेतला.

आम्ही तो खेळ पूर्ण केला तो अण्णा गेल्यावर महिनाभरानं, एका दुपारी. आई उशांना टेकून बसली. मी वाचत होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. पडद्यावरचं मला माहीत होतं. आईचं तोंड मला माहीत नव्हतं. जे व्हायचं ते झालं. नावं वर सरकत गेली, जपानी माणसांची, तीही तिनं शेवटपर्यंत बघितली. मग ती रागावली. असं करत्यात व्हय, म्हणाली. इतक्या लांब चालवून आणायचं आणि असं करायचं. उठून स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटली, परत आली.

"अण्णांना हे ठाऊक होतं?"

होतं, मी म्हटलं.

"आणि तरी तुला दिला? तसल्या दिवसांत?"

"तरी दिला."

आई बसली. पदरानं चष्मा पुसला. म्हणाली, "मग बरोबर दिला."

मी ऑफिसला परत जायला लागले त्या दिवशी आधी खाली दुकानात गेले. पुतण्या काउंटरवर होता. चांगला मुलगा आहे, गोड बोलतो, मागितलेलं पाकीट लगेच देतो. मला बघून उभा राहिला, काय पाहिजे ताई म्हणाला. मी आत गोण्यांच्या मागं बघितलं. तिथं आता छतापर्यंत थप्पी लावली होती. खुर्ची कुठं आहे, मी विचारलं. तो म्हणाला, जागा अडत होती, घरी नेली.

मी काही नको म्हटलं आणि जिना चढायला लागले. मागून एक शेतकरी आत शिरला आणि त्यानं कसल्याशा वाणाचं नाव घेतलं. माझी दुसरी पायरी होईपर्यंत तो पाकीट घेऊन बाहेरही पडला होता.